आडव्या टाकीची पाव खूण

सर, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजलेलं नाही, आणि मी न मोजलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत. मी तुमच्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसावर, त्यातून गुरूवर चिडू नये हे मला कळतं. सकाळी देवापुढे दिवा लावताना त्याची माफीही मागितली. दिवा शांत झाला, राग तसाच राहिला, म्हणून लिहायला बसले. सुनेच्या ऑफिसच्या कागदांची मागची बाजू कोरी असते, ती मी फेकू देत नाही, त्यावरच लिहिते आहे.

मी कोण ते तुम्हाला आठवायचं नाही. पारोळ्याच्या शाळेत खिडकीपासून दुसऱ्या बाकावर, तेल चोपडून दोन वेण्या, आणि दर तासाला "सर, पण का?" असं विचारून पोरींच्या शिव्या खाणारी, ती. घरी आम्ही सगळे अहिराणी बोलायचो आणि तुमच्या वर्गात पाऊल टाकलं की जीभ धुऊन घ्यायचो, कारण 'आहे'च्या जागी 'शे' म्हटलं की तुम्ही खडू रोखून बघायचात. तुमच्या हाताखाली मॅट्रिक झाले, दुसऱ्या वर्षी लग्न होऊन धुळ्याला आले, आणि शिक्षण तिथंच थांबलं. त्याचा राग नाही. त्या वेळी साऱ्याच पोरींचं थांबायचं.

राग नववीतल्या एका दिवसाचा आहे. फळ्यावर तुम्ही वर्गसमीकरण लिहिलं होतं: क्षचा वर्ग, अधिक क्ष, वजा पाच, बरोबर शून्य. "अवयव पाडा," म्हणालात आणि खुर्चीत बसून हजेरीपट भरायला लागलात. आता पाचाचे असे दोन अवयव कुठून आणायचे की ज्यांच्यात एकाचा फरक पडेल? पोरी एकमेकींच्या वह्यांत डोकावतायत. मी मात्र वेगळंच करून बसले आहे. क्षच्या जागी एक घालून बघितला, तर तीन कमी पडतात. दोन घातले, तर एक जास्त होतो. म्हणजे जे काय आहे ते एक आणि दोनच्या मधे दडून बसलंय. मग दीड घातला: सव्वा कमी. पावणेदोन घातले: अगदी थोडं कमी. आई न्हाणीत विसण घालायची तेव्हा असंच करायची, बोट घालून बघायची, गार लागलं की कढत, चटका बसला की गार, आणि दर वेळी आधीपेक्षा थोडं थोडं. मी वहीत लिहिलं, 'उत्तर पावणेदोनच्या थोडं पुढे, दोनच्या आत.' तुम्ही वही बघितलीत आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालात, "अंदाजपंचे दाहोदरसे! बाई, हा बाजार नाही. गणितात चाचपडायचं नसतं, सूत्र असतं, सूत्र." आणि लाल फुली. मग फळ्याकडे वळलात, जरा थांबलात, आणि शर्टाच्या बाहीने पाच पुसून तिथं सहा लिहिलेत. सहाचे अवयव पडले, उत्तर दोन आलं, तास संपला.

तेव्हापासून मी एक गोष्ट गाठीला बांधली. उत्तर नेमकं असलं पाहिजे, सरळ भाग पाडून आलेलं असलं पाहिजे. चाचपडून येतं ते उत्तर नव्हे. घर चालवलं ते असंच. आणि ह्याच शिस्तीने, सर, मी ह्या उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या माणसाला चोर ठरवलं.

नीट सांगते. आमच्या कॉलनीत मारुतीचं छोटं देऊळ आहे. उन्हाळ्यात नळाचा नेम नसतो, म्हणून देवळाच्या आवारात समितीने भंगारातून टँकरची जुनी टाकी आणून दोन विटांच्या चौथऱ्यांवर आडवी ठेवली. लोटून दिलेल्या पिंपासारखी. तोंडाकडून बघाल तर अगदी गोल, चार फुटांची उंची, पोटात पाच हजार लिटर. दर तिसऱ्या दिवशी टँकर येऊन ती काठोकाठ भरून जातो. पुढच्या ओळीत अठरा घरं, मागच्या ओळीत सहा. पुढची ओळ दिवसा भरते. मागच्या ओळीतल्या बाया कामाला जाणाऱ्या, त्यांची पाळी दुसऱ्या दिवशी पहाटे. ठरलं असं की टाकीत पाव पाणी उरलं की नळ बंद करायचा, ते मागच्या ओळीचं. घरटी एक मोठा ड्रम, दोनशे लिटरचा. पाच हजाराचा पाव म्हणजे साडेबाराशे, म्हणजे सहा ड्रम भरून वर घागरी दोन घागरी उरायला हव्यात. हिशोब चोख. तो मीच केला होता.

पाव कधी झालं ते कळायला बांबूची काठी केली. तीही मीच. दाराच्या रंगातला उरलेला लाल रंग डबीत ठेवला होता, तो कामी आला. अठ्ठेचाळीस इंचांचे चार सारखे भाग, बारा-बारा इंचांवर खूण. समितीचे अध्यक्ष भाऊ म्हणाले, "काकूंचं काम म्हणजे तराजूचं काम." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वही पण माझ्याकडेच आली. कोणी किती ड्रम नेले, काठी किती दाखवते, सगळं.

देवळात एक आबा असायचे. शिंदखेड्याकडचे, सत्तरीच्या पुढचे. बायको गेल्यावर इथं येऊन राहिले, झाडलोट करायचे, मारुतीला शेंदूर लावायचे, ओसरीवर झोपायचे. टाकीचा नळ उघडायचं आणि बंद करायचं काम त्यांच्याकडे. पगार नाही, दोन वेळचं जेवण घराघरांतून. मंगळवारी माझ्याकडून जायचं, त्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी लागायची, वर ठेचा.

पहिल्याच आठवड्यात पहाटे आरडाओरडा. चार ड्रम भरले, पाचवा भरता भरता नळ फुसफुसला, आणि सहाव्या घराची बाई कोरडा ड्रम घेऊन उभी. पुन्हा तिसऱ्या दिवशी तेच. पुन्हा तेच. मी वहीत बघते तर दर वेळी सव्वा ड्रमाच्या वरच तूट. संध्याकाळी काठी मी स्वतः बुडवलेली, पाण्याची ओल बरोबर पाव खुणेवर. पहाटे नळ उघडेपर्यंत टाकीजवळ कोण असतं? आबा. सहाव्या घरची बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काकू, पाण्याला काय पाय फुटतात का? कोणीतरी पलीकडच्या हॉटेलवाल्याला विकतंय." नाव तिने घेतलं नाही. नाव मी घेतलं.

घेतलं म्हणजे कसं, वही उघडून आबांपुढे धरली. शनिवार होता, आरतीला सगळे जमलेले. आबांना वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं. ते म्हणाले, "अक्का, मी पानी लिधं नही. देवनं पानी शे ते." मी म्हटलं, काठी काय खोटं बोलते? ते टाकीकडे वळले आणि हाताने हवेत गोल काढून म्हणाले, "टाकी आडी पडेल शे, अक्का. पोटमा पानी जास्त ऱ्हास, खाले कमी." पोटात पाणी जास्त राहतं, तळाशी कमी, असं सांगत होते. आणि मी, जिला त्यांच्याच बोलीत जेवायला वाढता येत होतं, मी त्यांना तुमच्या वर्गातल्या भाषेत उत्तर दिलं. म्हणाले, "आबा, मी मॅट्रिकला गणितात पहिली आले होते. पाव म्हणजे पाव असतो." कोणीतरी हसलं. आबांनी हात खाली घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांची वळकटी आणि ते, दोन्ही ओसरीवर नव्हते.

नवा माणूस ठेवला. नळाला कुलूप केलं आणि किल्ली माझ्या कमरेला. आता बघूच, म्हटलं. पहाटे मी स्वतः कुलूप उघडलं. चार ड्रम भरले, पाचवा भरता भरता राहिला.

सहाव्या घरच्या बाईने ड्रम आपटला आणि म्हणाली, "आता काय म्हणायचं? काकूच पितात वाटतं." सगळ्या खदखदून हसल्या. हसण्यावारी नेलं म्हणून वाचले. घरी आले, देवापुढे बसले, वही मांडीवर. आणि तेव्हा पहिल्यांदा मी त्या वहीतली पुढच्या ओळीची पानं वाचली. तूट शोधणारा माणूस तुटीचीच पानं उलटतो. दिवसा पाऊण टाकी रिकामी होते, म्हणजे पावणेएकोणीस ड्रम निघायला हवेत. माझ्याच अक्षरात दर वेळी लिहिलेलं आहे: वीस. अठरा घरं भरून दोन ड्रम देवळाला, तुळशीला, ओसरी धुवायला. आणि पुढे मी काय लिहिलंय? 'मारुतीची बरकत.' आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, तर त्या वाढीव पाण्यावर सगळ्या गल्लीच्या पुरणपोळ्यांचा स्वयंपाक झाला होता, आणि मी नैवेद्य दाखवताना हात जोडून आभार मानले होते. जास्त आलं ते देवाने दिलं, कमी पडलं ते माणसाने चोरलं. मला एकदाही वाटलं नाही की दोन्ही सव्वा ड्रम एकच आहेत.

आता ऐका, तुमच्यावरचा राग इथून सुरू होतो. टाकी गोल आहे, काठीवरचे भाग सारखे असून चालणार नाही, हे कळलं. मग पाव खूण कुठं करायची? मला वाटलं, निघेल सूत्राने. वर्तुळखंडाचं क्षेत्रफळ तुम्हीच शिकवलं होतं. गोलात पाण्याची आडवी रेघ मारायची, तिची दोन टोकं केंद्राला जोडायची, मधल्या कोनाची पाचर काढायची आणि त्यातून त्रिकोण वजा करायचा, उरलं ते पाणी. कोन दिला की पाणी निघतं. पण मला पाणी दिलेलं होतं, पाव, आणि कोन काढायचा होता. समीकरणात कोन एकदा नुसता आहे आणि एकदा साइनच्या आत कोंडलेला आहे. इकडचं तिकडे करून बघितलं, वर्ग करून बघितला, भागून बघितलं. कोन काही एकटा बाहेर येईना. ओळीने तीन दुपारी मी ह्यात घालवल्या. हे म्हणाले, "अगं, वरणाला फोडणी दिलीस का?" दिली नव्हती. हरभऱ्याची डाळ करपली ती वेगळीच.

शेवटी सुनेला विचारलं. ती घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. तिने कागद बघितला आणि सहज म्हणाली, "आई, ह्याला सूत्र नाहीये."

"आम्हाला शिकवलं नसेल. तुमच्या कॉलेजात असेल."

"कुठेच नाहीये. उत्तर आहे, पण सूत्र नाही. शोधून काढायचं असतं."

"शोधून म्हणजे?"

"दोन टोकं धरायची. एक जिथं कमी पडतं, एक जिथं जास्त होतं. मधोमध बघायचं. कमी पडलं तर ते खालचं टोक, जास्त झालं तर वरचं. परत मधोमध. दर वेळी अंतर निम्मं होतं, उत्तर कुठं पळून जाणार?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला वाटलं मला कळलं नाही, म्हणून तिने परत सांगितलं. सर, ह्याला नाव आहे. पुस्तकात आहे. परीक्षेला येतं. नववीत माझ्या वहीवर तुम्ही ज्याच्यावर फुली मारलीत ते हेच. तुम्हाला ठाऊक नव्हतं असं मी मानायला तयार नाही, तुम्ही बी.एस्सी. होतात. मग एवढं तरी सांगायचंत की पोरी, तुझी रीत खरी आहे, फक्त ह्या धड्याची नाही. जगातली बरीच समीकरणं अवयव पाडून सुटत नाहीत हे एक वाक्य सांगायला किती खडू लागला असता? तुम्ही आम्हाला फक्त सुटणारीच गणितं दिलीत. आम्हाला वाटलं, सगळं तसंच असतं. चार सारखे भाग केले की पाव.

मग मी बसले. फोनवर साइनचं बटण आहे. नव्वदचा साइन एक असतो हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल, आणि फोन म्हणतो पॉइंट एट नाइन. परत दाबलं, परत तेच. वाटलं, आता गणितही बदललं की काय. सून बाहेर गेलेली. मग माळ्यावरची ट्रंक उतरवली. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा तुम्ही मला तुमचं लॉग टेबल दिलं होतं, पाठीला खाकी कागद चिकटवलेलं. "पुढे शिकशील तर लागेल," म्हणाला होतात. पुढे शिकले नाही, पण फेकलंही नाही. कसर लागलीय, पण साइनचं पान शाबूत आहे. संध्याकाळी सुनेने सांगितलं की फोन कोन वेगळ्या मापात मोजत होता, एक बटण दाबायचं राहिलं होतं. तोवर माझं टेबलावर निम्मं झालं होतं.

नव्वद अंशाला शंभरात नऊ भाग पाणी. एकशे ऐंशीला पन्नास, अर्धी टाकी. पंचवीस ह्यांच्या मधे कुठेतरी. मधोमध एकशे पस्तीस: सव्वीसच्या वर, जास्त. नव्वद आणि एकशे पस्तीसच्या मधे, एकशे बारा: साडेसोळाच्या आत, फार कमी. एकशे चोवीस: सव्वाएकवीस. एकशे तीस: चोवीसला थोडं कमी. एकशे बत्तीस: पंचवीसला अगदी जरासं कमी. एकशे तेहतीस: जरासं जास्त. सापडलं, सर. नेमकं नाही सापडलं, नेमकं ते सापडतच नाही, पण दोन भिंतींच्या मधे असं धरलंय की हलायला जागा नाही. खोली काढली तर चौदा इंच आणि वर पाव इंचाहून थोडं जास्त. मी खूण केली होती बारावर. बारा इंचांवर किती पाणी असतं तेही काढलं: शंभरात साडेएकोणीस. पंचवीस नव्हेच. सहा ड्रमांचं पाणी तिथं कधी नव्हतंच. जे कधी नव्हतं ते कोणी कसं चोरेल?

सुनेने आणखी एक रीत दाखवली, उतार बघून उडी मारायची, म्हणे तीन पावलांत उत्तर. तिच्या मापात सगळा गोल मिळून सव्वासहाच्या थोडा वर. मी म्हटलं, पॉइंट फाइव्हपासून सुरू कर, बघू. पहिल्याच उडीत तेरावर गेलं. टाकीला दोन प्रदक्षिणा घालून! ती हसायला लागली. "आई, रिकाम्या टाकीजवळून सुरू केलं की असं होतं. अर्ध्या टाकीपासून करायचं." तसं केलं तर खरंच तीन पावलांत. पण मला ती रीत नको. घाईघाईने एका जागी उभं राहून उतार बघायचा आणि लांब उडी घ्यायची, ही रीत मी शनिवारच्या आरतीला वापरून झाले होते.

जुनी खूण खरवडली, सव्वाचौदाच्या किंचित वर नवी केली. तिसऱ्या दिवशी पहाटे सहा ड्रम भरले आणि सहाव्या घरची बाई वर एक घागर घेऊन गेली. दिवसा मात्र अठराच ड्रम निघाले, आणि पुढच्या ओळीतल्या बायांनी माझं डोकं खाल्लं, "काकू, बरकत कुठं गेली?" शनिवारी आरती झाल्यावर मी सगळ्यांपुढे काठी उभी धरून सांगितलं की खूण चुकीच्या जागी होती, चोरी झालीच नाही. अध्यक्ष भाऊ म्हणाले, "जाऊ द्या काकू, पाणीच ते. आता नवा माणूस चांगला आहे." एकीने विचारलं, "म्हणजे आबा खरं बोलत होते?" दुसरी म्हणाली, "प्रसाद वाटा आधी, उशीर होतोय." वाटला प्रसाद.

मला राहवेना. मागच्या आठवड्यात एसटीने गेले, शिंदखेड्याला उतरून पुढे रिक्षाने. आबा लेकीकडे असतात, गावाच्या टोकाला, दोन खोल्या. दारात बसून कपाशीच्या पऱ्हाट्या मोडत होते. मला बघून उठले, घोंगडी टाकली, आत ओरडले, "धुळाहून अक्का उनी शे, चहा ठेव." जणू काही मी नेहमीचीच पाहुणी.

आणि मी काय केलं? पिशवीतून कागद काढला. गोल काढून दाखवला. पाचर दाखवली, त्रिकोण दाखवला. नव्वदला नऊ, एकशे ऐंशीला पन्नास, मधोमध एकशे पस्तीस. सूत्र नसतं म्हणून शोधायचं कसं, ते सांगितलं. त्यांची नात येऊन उभी राहिली, नववीतली, तिला जास्त रस आला, तिला साइन समजावला. आबा मान हलवत होते, पऱ्हाट्या मोडत होते. चहा आला. "चहा ल्या, अक्का." मी चहा घेतला आणि पुन्हा चौदा इंचांवर आले.

सगळं संपल्यावर ते म्हणाले, "मी तधळच सांगेल व्हतं, पोटमा जास्त ऱ्हास."

मी म्हटलं, "हो, तेव्हाच सांगितलं होतं तुम्ही, पण किती जास्त ते काढायला हवं होतं ना, आबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मग विचारलं, "बठ्ठा लोक काय म्हनतस आते?"

मी म्हटलं, "सगळ्यांना सांगितलं मी, काठी चुकली म्हणून." ते "बरं," म्हणाले. परत चला असं मी विचारलं, तेव्हा हसले आणि लेकीच्या अंगणाकडे हात केला, इथं बरं आहे म्हणून. नातीने मला रिक्षापर्यंत सोडलं. वाटेत तिने विचारलं, "आजी, मग चूक कोनी व्हती?" मी म्हटलं, "टाकी आडवी होती, बाळा."

हे लिहून झालं आणि वाचून बघितलं. तुमच्यावर बरंच लिहिलंय, ते खोटं नाही, पण एवढं लिहायची गरज नव्हती. मला दुसरंच पत्र लिहायचं आहे, चार ओळींचं. आबांची नात वाचून दाखवेल. त्यात गोल नको, कोन नको. 'आबा, काठी नाही चुकली, मी चुकले.' एवढंच. चार दिवस झाले, दर दुपारी कागद घेते आणि पहिल्या ओळीला हात थांबतो. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं, सर. तुम्ही वाचणार नाही.